ईश्वराचे अदर्शन आणि येवल्याचा निर्णय

ईश्वर आहे, तो सर्वांवर प्रेम करणारा आहे, आणि तरीही जो त्याला मनापासून शोधतो त्यालाही तो भेटत नाही. असे का व्हावे? पाश्चात्त्य धर्मचिंतनात हा प्रश्न ‘ईश्वराचे अदर्शन’ म्हणून गेली तीन दशके हिरिरीने चर्चिला जात आहे. प्रश्न तसा जुना आहे. यहुद्यांच्या धर्मग्रंथातील यशया या संदेष्ट्याने आपल्या देवाचे वर्णनच स्वतःस लपविणारा देव असे केले आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती आणि चिंतक पास्काल याने त्या लपण्याला हेतू जोडला. देवाने प्रकाशही मोजका ठेवला आणि अंधारही. ज्याची इच्छा असेल त्याला दिसावे, नसेल त्याला न दिसावे, अशी ही योजना आहे, असे त्याचे म्हणणे. १९९३ मध्ये कॅनडातील तत्त्वज्ञ जे. एल. शेलेनबर्ग यांनी ‘डिव्हाइन हिडननेस अँड ह्यूमन रीझन’ हा ग्रंथ लिहून या जुन्या तक्रारीला युक्तिवादाचे रूप दिले. परिपूर्ण प्रेम करणारा ईश्वर असेल तर तो आपल्याशी नाते जोडण्याची वाट कोणासाठीही बंद ठेवणार नाही. नाते जोडावयाचे तर निदान तो आहे एवढा विश्वास तरी मनुष्यास वाटला पाहिजे. परंतु कोणताही हट्ट वा द्वेष मनात नसताना, प्रामाणिकपणे शोध घेऊनही ज्यांना तो विश्वास वाटत नाही अशी माणसे जगात आहेत. म्हणून असा ईश्वर नाही.

या युक्तिवादाची समीक्षा आम्ही येथे करू इच्छितो, आणि ती येवल्याच्या भूमीवर उभे राहून करू इच्छितो. पैठणीच्या मागांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी भरलेल्या परिषदेत, सुमारे दहा हजारांच्या जनसमुदायासमोर, बोधिसत्त्व बाबासाहेबांनी हिंदू म्हणून जन्मास येणे आपल्या हाती नव्हते, परंतु हिंदू म्हणून आपण मरणार नाही, अशी घोषणा केली. तिचा सामाजिक आणि राजकीय अर्थ आजवर पुष्कळांनी सांगितला आहे. श्रद्धेच्या तत्त्वज्ञानात तिचे स्थान कोणते, याचा विचार मात्र आमच्या अभ्यासकांकडून फारसा झालेला नाही. आमच्या मते ईश्वराच्या अदर्शनाचा प्रश्न येवल्यात एका अशा अंगाने सुटला, जे अंग शेलेनबर्ग आणि त्यांचे ईश्वरवादी प्रतिपक्षी या दोघांच्याही नजरेतून निसटले आहे.

प्रथम युक्तिवादाची घडण पाहू. एखादी गोष्ट दिसत नाही एवढ्यावरून ती नाही असे म्हणता येत नाही, हा नियम बौद्ध न्यायाचाच आहे. आचार्य धर्मकीर्तींनी अनुपलब्धीला प्रमाणात स्थान दिले ते एका अटीवर. जी वस्तू असती तर दिसलीच असती, अशा दृश्य वस्तूचेच न दिसणे तिचा अभाव सिद्ध करते. समोरच्या जमिनीवर घडा दिसत नाही म्हणून तेथे घडा नाही असे म्हणता येते. पिशाच दिसत नाही म्हणून पिशाच नाही असे म्हणता येत नाही, कारण ते दिसणारे असते असे कोणी म्हटलेलेच नाही. पुढे उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वराचा पक्ष घेताना याच नियमाचा आधार घेतला. ईश्वर दर्शनास योग्य असा पदार्थच नाही, तेव्हा त्याच्या न दिसण्याने त्याचे काहीही बिघडत नाही, असा त्यांचा बचाव आहे. तर्काच्या दृष्टीने तो निर्दोष आहे, हे आम्हां बौद्धांना मान्य केले पाहिजे. ‘दिसत नाही म्हणून नाही’ असे व्यासपीठावरून सांगणे सोपे असते, परंतु ते धर्मकीर्तींच्या कसोटीला उतरत नाही.

शेलेनबर्ग यांचे खरे कौशल्य येथे आहे. ईश्वराला ‘प्रेम करणारा’ हे विशेषण लागताच तो उदयनाचार्यांच्या आडोशाला राहू शकत नाही. प्रेम करणाऱ्याने भेटले पाहिजे. म्हणजे प्रेमाच्या विशेषणाने ईश्वर दृश्य ठरतो, आणि मग त्याचे न दिसणे त्याच्या विरुद्ध पुरावा होते. धर्मकीर्तींचे नावही न घेता हा पंडित त्यांच्याच वाटेने गेला आहे. युक्तिवादाचा हा भाग आम्हांस बळकट वाटतो.

परंतु ज्या माणसाच्या साक्षीवर तो उभा आहे, त्या माणसाकडे पाहिले म्हणजे आमची अडचण सुरू होते. शेलेनबर्ग यांचा साक्षीदार खोलीत एकटा बसलेला, शांतपणे पुरावे तोलणारा, आणि पुरावा अपुरा पडला म्हणून विश्वास न बसलेला मनुष्य आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराकडे निघालेले सत्याग्रही तसे नव्हते. त्यांच्यापैकी बहुसंख्यांना राम आहे याविषयी तिळमात्र शंका नव्हती. पिढ्यान्पिढ्या ते रामाचे नाव घेत आले होते. विश्वास होता, हट्ट नव्हता, नाते जोडण्याची इच्छा होती, आणि देवही काही पावलांवर होता. मध्ये फक्त दार होते.

काळारामाच्या मूर्तीविषयी नाशकात एक आख्यायिका सांगितली जाते. मूर्ती गोदावरीच्या पात्रात दडलेली होती. सरदार ओढेकरांना स्वप्नात दृष्टांत झाला, तिचा शोध लागला, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी आजचे भव्य पाषाणमंदिर उभारले. या आख्यायिकेतला देव लपलेला आहे, पण तो स्वतःहून प्रकट होतो आणि कोणापुढे व्हावयाचे तेही ठरवितो. प्राणप्रतिष्ठा झाल्यावर तर तो रीतसर दृश्य होतो. काकडआरतीला दिसतो, शेजारतीपर्यंत दिसतो, रामनवमीच्या उत्सवात रथात बसून रस्त्यावर येतो. उदयनाचार्यांचा अदृश्य ईश्वर पंडितांच्या सभेपुरता. मंदिरातला देव दर्शन देणारा, आणि दर्शन हेच त्याचे प्रयोजन. असा दर्शन देणारा देव एका समाजालाच दिसत नव्हता, आणि तेही निसर्गनियमाने नव्हे, बंदोबस्ताने. सत्याग्रही आत येऊ नयेत म्हणून दारे लावून घेण्यात आली, तेव्हा ज्यांच्यासाठी ती उघडी असत त्यांच्यापासूनही देव झाकला गेला. ९ एप्रिल १९३० रोजी रामनवमीच्या उत्सवात रथ ओढण्याबाबत ठरलेली तडजोड मोडली आणि दगडफेक झाली. ज्या दिवशी देव स्वतः रस्त्यावर येतो तो दिवस हा होता.

आता या दाराशी उभे राहून ईश्वरवाद्यांची उत्तरे तपासून पाहावीत.

जॉन हिक यांचे उत्तर असे की, ईश्वराने मनुष्यापासून ज्ञानाचे अंतर राखले ते मनुष्याच्या स्वातंत्र्यासाठी. तो डोळ्यांसमोर सतत प्रकट राहिला तर मनुष्य भयाने चांगला वागेल, निवडीने नव्हे. विचार उदात्त आहे. परंतु नाशकात ते स्वातंत्र्य कोणाच्या वाट्याला आले? दार लावून घेणाऱ्यांना लावण्याचे स्वातंत्र्य मिळाले, दगड मारणाऱ्यांना मारण्याचे. बाहेर बसलेल्यांच्या वाट्याला त्या स्वातंत्र्याचा परिणाम आला. अंतर सर्वांसाठी सारखे असते तर हिक यांचे म्हणणे निदान ऐकून घेण्याजोगे झाले असते. येथे अंतर जातीनुसार मोजले जात होते.

पास्कालच्या उत्तराला आपल्याकडे एक मोठा साक्षीदार आहे, आणि त्याच्याविषयी बोलताना आम्ही सावधपणे बोलू इच्छितो. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा हे शुद्ध अंतःकरणाने शोधणाऱ्याचे उदाहरण नसतील तर ते उदाहरण जगात कोठेच नाही. त्यांची समाधी पंढरपुरात विठ्ठलमंदिराच्या महाद्वाराशी आहे, आत नाही. संतचरित्रांतील कथांत विठ्ठल चोखोबांना भेटतो, त्यांच्याबरोबर जेवतो, रात्री हात धरून त्यांना गाभाऱ्यातही नेतो. भाविक या कथा देवाच्या प्रेमाचा पुरावा म्हणून सांगतात. आम्हांस त्यांत दुसरेच काही दिसते. देव चोखोबांना भेटतो तो रात्री, चोरून भेटतो. सकाळी बडवे चोखोबांना जाब विचारतात, दंड देतात, तेव्हा देव महाद्वारात उभा राहून ‘मीच याला आत आणले’ असे सर्वांसमक्ष सांगत नाही. म्हणजे या कथांतला देव चोखोबांपासून लपलेला नाही. तो बडव्यांपासून लपतो आहे. भक्तावर प्रेम करणारा आणि पुजाऱ्याला भिणारा असा देव कल्पिण्याची वेळ ज्या समाजावर आली, त्या समाजाच्या दुःखाची खोली या कथांवरून कळते. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘दि अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. त्यांच्या भक्तीचा मार्ग बाबासाहेबांनी स्वीकारला नाही, आणि त्यांच्या दुःखाचा अपमानही केला नाही. आमच्यातील काही वक्त्यांनी चोखोबांची थट्टा करण्यापूर्वी त्या अर्पणपत्रिकेकडे एकदा पाहावे, असे जाता जाता सुचवावेसे वाटते.

तिसरे उत्तर भक्तिमार्गीयांचे: विरहाने प्रेम वाढते, म्हणून देव मधूनमधून लपतो. यावर फार लिहिण्याचे कारण नाही. ज्याला मिलन ठाऊक आहे त्याच्यासाठी विरह असतो. ज्याला उंबरठाच ठाऊक नाही त्याच्या वंचनेला विरह म्हणणे ही भाषेची चैन आहे.

पंढरपूरचे दार अखेर १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, आणि पुढे संविधानाच्या १७ व्या व २५ व्या अनुच्छेदांनी या गोष्टीला देशभर बळ दिले. एका माणसाचे उपोषण, विधिमंडळाचा कायदा, संविधानाची कलमे, आणि या साऱ्यांच्या मागे सत्याग्रहींनी सोसलेला मार. दारे उघडली ती यांनी. देवाने आतून कडी काढल्याची नोंद नाही.

येथे कोणी म्हणेल की हा दोष पुजाऱ्यांचा, ईश्वराचा नव्हे. मध्यस्थ वाईट म्हणून मूळ मालक नाही असे कसे म्हणता येईल? हा आक्षेप गंभीर आहे, आणि दीघनिकायातील तेविज्जसुत्त याच आक्षेपाला हात घालते.

कोसल देशात अचिरवती नदीच्या काठी मनसाकट नावाच्या ब्राह्मणग्रामात वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुणांत वाद झाला: ब्रह्म्याच्या सहवासाला नेणारा सरळ मार्ग कोणता, तुझ्या गुरूचा की माझ्या? तथागत त्यांना ब्रह्मा आहे की नाही, हे विचारीत नाहीत. ते विचारतात, तुमच्या आचार्यांपैकी कोणी ब्रह्म्याला समोरासमोर पाहिले आहे काय? त्यांच्या आचार्यांनी? मागील सात पिढ्यांत कोणी? ज्यांची सूक्ते तुम्ही गाता त्या प्राचीन ऋषींनी तरी? प्रत्येक वेळी उत्तर एकच येते, नाही. मग तो प्रसिद्ध दृष्टान्त येतो, एकमेकांना धरून चाललेल्या आंधळ्यांच्या रांगेचा, अन्धवेणीचा. पुढच्याला दिसत नाही, मधल्याला दिसत नाही, शेवटच्यालाही दिसत नाही. त्यानंतर राज्यातील सर्वांत सुंदर स्त्रीवर प्रेम जडलेला, पण तिचे नाव, गोत्र, वर्ण, गाव यांतले काहीच ठाऊक नसलेला माणूस. आणि प्रासाद कोठे आहे हे माहीत नसता चौकात जिना बांधीत सुटलेला माणूस.

आमच्या नियतकालिकांत आणि व्याख्यानांत हे सुत्त पुष्कळदा ईश्वराचे अस्तित्व नाकारणारे म्हणून मांडले जाते. मजकूर तसे म्हणत नाही, हे पालीच्या अभ्यासकाने स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याच सुत्तात पुढे तथागत आपण ब्रह्म्याला, ब्रह्मलोकाला आणि तेथे नेणाऱ्या वाटेला जाणतो असे म्हणतात. हा भाग गाळून सुत्त उद्धृत करणे विद्येला शोभत नाही, आणि गाळण्याची गरजही नाही. कारण तथागतांचा प्रश्न अस्तित्वाचा नसून अधिकाराचा आहे. ज्याला तुम्ही पाहिलेले नाही त्याच्याकडे नेणाऱ्या वाटेचे नाकेदार तुम्ही कसे झालात? धर्मकीर्तींच्या अटीचा भंग येथे कोठेही होत नाही. ब्रह्मा दिसत नाही म्हणून नाही, असे तथागतांनी म्हटलेले नाही; तुम्हांस दिसत नाही म्हणून तुमचा दाखला चालणार नाही, एवढेच म्हटले आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात ईश्वरश्रद्धा हा धम्माचा भाग नाही हे सांगताना याच वासेट्ठ-भारद्वाज संवादाचा आधार घेतला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता मघाच्या आक्षेपाकडे वळू. मध्यस्थ वाईट निघाला तर तो बदलावा, हे खरे. परंतु लपलेल्याच्या बाबतीत मध्यस्थ हा आगंतुक नसतो. जो स्वतः बोलत नाही त्याच्या वतीने कोणीतरी बोलणार. जो दिसत नाही त्याची इच्छा कोणीतरी सांगणार. आणि ती इच्छा खरोखर त्याचीच आहे की सांगणाऱ्याची, हे पडताळण्याची सोय नसणार. ‘तुमच्या स्पर्शाने देव बाटतो’ हे विधान खोटे आहे असे म्हणण्यास देव स्वतः कधीच पुढे येत नाही. एक पुजारी गेला तर दुसरा येतो, कदाचित अधिक दयाळू येतो. पण जागा रिकामी राहत नाही. शेलेनबर्ग यांचा युक्तिवाद प्रेमळ ईश्वराच्या अदर्शनाने ईश्वराला अडचणीत आणतो. ते अदर्शन कोणाच्या पथ्यावर पडते, हा प्रश्न तो विचारीत नाही. दारापलीकडे जन्मलेल्या माणसाला तोच प्रश्न आधी सुचतो.

निकायांतील देव या बाबतीत मोठे मौजेचे आहेत. केवट्टसुत्तातील एक भिक्षू चार महाभूतांचा निःशेष निरोध कोठे होतो या प्रश्नाचे उत्तर शोधीत देवलोकामागून देवलोक पालथा घालतो. अखेर महाब्रह्मा तेजासह प्रकट होतो, आणि प्रश्नाला बगल देऊन आपल्या पदव्यांची यादी ऐकवितो. भिक्षू चिकाटीने पुन्हा पुन्हा विचारतो, तेव्हा महाब्रह्मा त्याचा दंड धरून त्याला बाजूला नेतो आणि हळूच सांगतो की आपल्यालाही ते ठाऊक नाही, फक्त परिवारासमोर तसे म्हणता आले नाही. मज्झिमनिकायातील ब्रह्मनिमन्तनिकसुत्तात बक ब्रह्मा तथागतांसमोरून अदृश्य होऊन दाखवितो म्हणतो, आणि त्याला ते जमत नाही. उलट तथागतच अदृश्य होतात. ब्रह्मा आणि त्याची सभा त्यांचा आवाज ऐकत राहते. सुत्तकारांच्या विनोदबुद्धीला आम्ही नेहमीच दाद देत आलो आहोत. या कथांत देवाच्या लपण्याभोवतीचे गूढ पार उतरते, आणि मागे प्रतिष्ठा सांभाळणारा एक अधिकारी उरतो.

येवल्याच्या निर्णयाकडे या प्रकाशात पाहिले म्हणजे त्याचे वेगळेपण ध्यानात येते. ३ मार्च १९३४ रोजी दादासाहेब गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी स्वच्छ सांगितले होते की, दलितांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून आपण मंदिरप्रवेशाची चळवळ सुरू केली नव्हती. त्यांच्यात चेतना यावी, आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, यासाठी ती होती. ते काम झाले, आता शक्ती राजकारणाकडे आणि शिक्षणाकडे लावावी. येवल्यात सत्याग्रह थांबविण्याचा ठराव झाला. तोवर पाच वर्षे दार ठोठावून झाली होती. आत देव नाही असे सिद्ध झाले म्हणून लोक परतले, असे घडले नाही. त्याविषयी येवल्यात कोणी प्रमाण मांडले नाही आणि मागितलेही नाही. आम्हांस दर्शन हवे, ही मागणीच मागे घेण्यात आली. अदर्शनाचा प्रश्न मागणी करणाऱ्यालाच पडतो. मागणी मागे घेतली की दारावरच्या माणसाचा अधिकार संपतो, मग आत कोणी असो वा नसो.

परंतु मागणी मागे घेतल्यावर माणूस उघड्यावर येतो, हेही खरे आहे, आणि त्याविषयी आमचे लेखन अपुरे पडते असे आमचे मत आहे. काही वर्षांपूर्वी वर्षावासातील एका प्रवचनानंतर एक वृद्ध उपासिका आम्हांस म्हणाली, “सर, देव नाही हे कळलं. बावीस प्रतिज्ञा मला तोंडपाठ आहेत. पण नातू तापाने फणफणला होता त्या रात्री मी हाक कोणाला मारायची, ते काही तुम्ही सांगितलं नाही.” व्याख्यानात तिच्यासाठी काहीच नव्हते. शेलेनबर्ग यांच्या ग्रंथातही नाही. त्यांचा युक्तिवाद प्रेमळ ईश्वर नाही येथे संपतो, आणि त्या ईश्वराला चिकटविलेले प्रेम कोठे ठेवावयाचे हे सांगत नाही.

तेविज्जसुत्त येथे थांबत नाही, म्हणून आम्हांस ते श्रेष्ठ वाटते. तथागत वासेट्ठाला विचारतात, तुम्ही म्हणता तो ब्रह्मा वैर धरतो काय, द्वेष करतो काय, त्याच्यापाशी परिग्रह आहे काय? नाही, असे तो म्हणतो. मग वैर, द्वेष आणि परिग्रह असलेल्यांचा त्याच्याशी मेळ कसा बसेल? आणि यानंतर ते मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्षा यांनी भरलेले चित्त चारही दिशांना पसरविण्याची साधना सांगतात. हिला ब्रह्मविहार, म्हणजे ब्रह्म्याचे निवासस्थान, असे नाव आहे. ज्या प्रेमाची वाट पाहत माणसे दाराशी बसतात, ते प्रेम आचरण्याचे काम तथागतांनी माणसाच्या हाती दिले. बाबासाहेबांनी करुणेवर न थांबता मैत्रीवर एवढा भर का दिला, याचे उत्तर येथे सापडते.

म्हाताऱ्या उपासिकेला आम्ही त्या दिवशी अट्ठकथेतील किसा गोतमीची कथा सांगितली. तिला ती ठाऊक होती, आपल्याकडे ती कोणाला ठाऊक नसते? परंतु त्या कथेतील एका गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. मृत बालक कडेवर घेऊन आलेल्या त्या मातेला तथागतांनी कोणत्याही देवाकडे पाठविले नाही आणि प्रवचनही केले नाही. तिला सावत्थीच्या घरोघरी पाठविले, ज्या घरी कोणी मेलेले नाही अशा घरची मोहरी आणण्यास. एकेका दारी ती उभी राहते. दार उघडते, मोहरी पुढे येते, आणि प्रत्येक घरी कोणाच्या तरी मृत्यूची आठवण निघते. संध्याकाळपर्यंत तिला मोहरी मिळालेली नसते, पण सारे नगर तिच्याशी बोललेले असते. हाक मारावयाची ती शेजाऱ्याला, आणि शेजारी येईल असा संघ गावात उभा करावयाचा, असे आम्ही त्या उपासिकेला म्हणालो. ती म्हणाली, “मग ते आधी करा.” तिचे म्हणणे रास्त होते. ज्या गावच्या विहारात आजारी उपासकाला रुग्णालयात नेण्याची व्यवस्था नाही, तेथे देव नसल्याचे सिद्ध करून लोकांच्या हाती काय पडणार?

येथवर आलो तर आणखी एका गोष्टीविषयी बोलणे भाग आहे. येवल्यात ज्या जागी ती परिषद झाली ती जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते, आणि दर वर्षी १३ ऑक्टोबरला तेथे अनुयायांची रीघ लागते. ते योग्यच आहे. परंतु काही घरांत आणि काही विहारांत बुद्धमूर्तीपुढे नवस बोलले जातात, परीक्षेचे प्रवेशपत्र मूर्तीच्या पायाशी ठेवले जाते, आणि ‘बाबासाहेबांची इच्छा अशी होती’ असे सांगणारे नवे जाणकार गावोगाव निर्माण होतात, हेही आम्ही पाहतो. यातील पहिल्या दोन गोष्टींची आम्हांस फारशी भीती वाटत नाही; ती जुनी सवय आहे, शिक्षणाने जाईल. तिसरी गोष्ट मात्र अन्धवेणीची पहिली कडी आहे.

लपलेला आणि गेलेला यांत भेद आहे. लपलेल्याची मर्जी काढावी लागते, आणि तिची बातमी आणणारे लागतात. जो गेला त्याने जे सांगितले ते उघडे असते, आणि ते कोणीही वाचू शकतो. तथागतांचे परिनिब्बान झाले. ते कोठेही लपून बसलेले नाहीत. गोपकमोग्गल्लानसुत्तात मगधाचा महामात्य वस्सकार आनंदांना विचारतो की, भगवंतांनी आपल्यामागे कोणाला नेमले आहे काय, ज्याच्याकडे तुम्ही आता धाव घ्याल? नाही, असे आनंद सांगतात. संघाने तरी कोणाला निवडले आहे काय? तेही नाही. मग तुम्ही निराधार झालात, असे वस्सकाराला वाटते. आम्ही निराधार नाही, धम्म आमचा आधार आहे, असे आनंदांचे उत्तर आहे. आणि ते पुढे पातिमोक्खाच्या उपोसथाची साधी पद्धत सांगतात, जीत गावातील सर्व भिक्षू एकत्र येतात आणि कोणाकडून चूक घडली असेल तर ती नियमाप्रमाणे सर्वांसमोर निस्तरली जाते. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईच्या परिषदेत ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण संपविताना बाबासाहेबांनी आनंदांना केलेल्या याच स्वावलंबनाच्या उपदेशाची आठवण दिली होती. येवल्यानंतर अवघ्या आठ महिन्यांच्या आतली ती गोष्ट आहे. कोणता धर्म, हे तेव्हा जाहीर व्हावयाचे होते. १४ ऑक्टोबर १९५६ अजून वीस वर्षे दूर होता.

म्हणून सद्धा या पाली शब्दाचे ‘श्रद्धा’ असे भाषांतर करून पुढे जाणे आम्हांस धोक्याचे वाटते. न दिसणाऱ्यावर ठेवलेला विश्वास असा अर्थ मराठी वाचकाच्या मनात आपोआप उमटतो. चङ्कीसुत्तात सोळा वर्षांच्या कापटिक माणवाला तथागत सांगतात की, ज्यावर दृढ विश्वास आहे ते पोकळ निघू शकते आणि ज्यावर नाही ते खरे ठरू शकते. म्हणून सत्य राखू इच्छिणाऱ्याने ‘ही माझी सद्धा आहे’ एवढेच म्हणावे, ‘हेच सत्य, बाकी सारे मिथ्या’ असे म्हणू नये. ब्राह्मणांच्या परंपरागत विश्वासाला तेथे अमूलिका, म्हणजे मूळ नसलेली, सद्धा म्हटले आहे. तिच्या विरुद्ध टोकाला वीमंसकसुत्तातील आकारवती, म्हणजे कारणांवर उभी असलेली, सद्धा आहे. आमच्या धम्मवर्गांतून हे सुत्त त्रिसरणाबरोबरच शिकविले जावे, अशी आमची सूचना आहे. ज्या भिक्षूला दुसऱ्याच्या मनातले कळत नाही, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्याने, तथागतांचीच परीक्षा कशी घ्यावी हे तथागत तेथे सांगतात: डोळ्यांना दिसणारे आणि कानांना ऐकू येणारे त्यांचे वर्तन पाहावे, त्यात मलिन काही आहे काय, मिश्र काही आहे काय, हे पाहावे, कीर्ती मिळाल्यावर त्यात काही बिघाड आला काय, तेही पाहावे, आणि एवढ्याने समाधान न झाल्यास खुद्द तथागतांना विचारावे. पुढे कोणी त्या भिक्षूला विचारले की तू कोणत्या कारणाने सद्धा ठेवतोस, तर त्याने उत्तर द्यावे, आणि काय पाहिले, काय ऐकले, कोणत्या गोष्टीचा स्वतः अनुभव घेतला, हे क्रमाने सांगावे, असे तेथे म्हटले आहे.